वाचकांचे प्रश्न : बारा हजारांचा सरंजाम

पेशव्यांनी नगरहवेली पोर्तुगिजांना कायमची देऊन टाकली होती, असं जुनी माणसं सांगतात. मग १९५४ नंतर हेगच्या न्यायालयात भारताची बाजू लंगडी नव्हती का? (एक वाचक, फोंडा)

१९५४ साली भारतानं दमणहून दादरा-नगरहवेलीकडे जाणारी वाट अडवली, म्हणून पोर्तुगालनं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला भरला होता. ‘देऊन टाकली’ म्हणजे नेमकं काय दिलं, यावर तिथं बराच खल झाला. पुणे दरबार आणि पोर्तुगीज यांच्यात १७७९ साली तह झाला. त्याच्या १७ व्या कलमात दमण भागातला १२,००० रुपयांचा वसूल पोर्तुगिजांना तोडून देण्याचं ठरलं. गावं पुढं १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी लागली. यातून गावांवरचं सार्वभौमत्वच मिळालं, असं पोर्तुगालचं म्हणणं. भारतानं उलट बाजूनं दोन मुद्दे मांडले. पहिला, तह रीतसर पक्का झालाच नव्हता. दुसरा, झाला असला तरी मिळाला तो फक्त वसूल. पहिला मुद्दा न्यायालयानं फेटाळला, दुसरा उचलला. हा जहागीर किंवा सरंजाम आहे, मुलूख तोडून दिलेला नाही.

पोर्तुगालच्या एका युक्तिवादाची गंमत बघा. गावांत बंडाळी झाली तर ती मोडण्याचा अधिकार आम्हाला लिहून दिला होता, मग आम्ही धनीच नाही का? न्यायालयानं हेच त्यांच्यावर उलटवलं. धनी असता, तर स्वतःच्या गावातली बंडाळी मोडायला दुसऱ्याची लेखी परवानगी कशाला लागली असती? शिवाय मराठ्यांनी दिलेला असा सरंजाम कुठं सार्वभौमत्वाचं दान मानला गेला, याचा एकही दाखला पुढं आला नाही.

गोव्यात हे समजायला सोपं आहे. पावणीत, म्हणजे लिलावात, माडांचे नारळ घेतले म्हणून भाट, म्हणजे ती माडांची बाग, आपलं होत नाही.

सरंजाम आणि इनाम यांत फरक काय? आमच्या घरी मोडी कागद आहेत, ते कसे ओळखावेत? (एक वाचक, पेडणे)

सरंजाम हा बहुधा फौजेच्या किंवा चाकरीच्या खर्चासाठी लावून दिलेला वसूल. हुकूमत सरकारची, आणि सरकारला तो परत घेता येतो. धनी बदलला किंवा सरंजामदार वारला की तो नव्यानं करून घ्यावा लागे. इनाम साधारणपणे वंशपरंपरेनं चाले. इनामाच्या कागदात ‘कुलबाब कुलकानू’ (सगळ्या करांसह), ‘हक्कदार व इनामदार खेरीज करून’ असे शब्द सापडतात. ‘पुत्रपौत्रादी’ हा शब्द दिसला तर तिथं बोट ठेवून पुन्हा वाचा. रकमेचा आकडा आधी आणि गावांची नावं नंतर आली असतील, तर देणारा बहुधा वसूल मोजून देतोय. जमीन देतोय असं लगेच धरू नका.

घोटाळा होतो तो सालात. मोडी कागदावर सुहूर सन अरबी शब्दांत असतो. उदाहरणार्थ, ‘अर्बा समानीन मया व अलफ’ फोडलं तर चार, ऐंशी, शंभर, हजार, म्हणजे ११८४. हा सन मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतो. तारीख मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतची असेल तर ५९९ मिळवा, म्हणजे १७८३. जानेवारी ते मृगापर्यंतची असेल तर ६०० मिळवा, म्हणजे १७८४. सरसकट ६०० मिळवणाऱ्याचे पावसाळ्यातले सगळे कागद वर्षभर पुढं सरकतात. मग तह आधी की सनद आधी हेच कळेनासं होतं. ‘छ’ अक्षरापुढं येणारा आकडा चंद्राचा, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख. ती आपली तिथी समजू नये. कागद सरळ करायला इस्त्री फिरवू नका आणि पारदर्शक चिकटपट्टी तर मुळीच लावू नका.

निकालात जिंकलं कोण? दोन्ही बाजूंनी आपणच जिंकलो असं म्हटल्याचं वाचलं. (एक वाचक, डिचोली)

दोघांनाही तसं म्हणायला जागा होती. १२ एप्रिल १९६० च्या निकालात प्रश्न वेगवेगळे होते आणि मतंही वेगवेगळी पडली. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि साधा माल भारतीय हद्दीतून नेण्याचा हक्क पोर्तुगालला होता का? ११ विरुद्ध ४ मतांनी, होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा नेण्याचा? ८ विरुद्ध ७ नं, नव्हता. १९५४ साली भारतानं वाट अडवली, ते बेकायदा होतं का? ९ विरुद्ध ६ नं, नाही. दादरा हातचं गेल्यावर ताण वाढला होता. तेव्हा वाट रोखणं हा भारताच्या नियमनाच्या अधिकारातलाच भाग ठरला.

मग पहिला हक्क आला कुठून? १७७९ च्या तहातून नव्हे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रज आले. गावांचा कारभार पोर्तुगीज एकहाती चालवतात हे त्यांनी पाहिलं आणि ते चालू दिलं. माल आणि माणसं शंभराहून जास्त वर्षं जात-येत राहिली. न्यायालयानं या वहिवाटीला मान दिला. सनदेनं न दिलेलं सार्वभौमत्व इंग्रजांच्या मूक संमतीनं आलं. आमच्या मते या खटल्यातली सगळ्यात बोचरी गोष्ट ही.

हत्यारांच्या बाबतीत मात्र पोर्तुगीजांना त्यांचाच कागद नडला. मुंबई सरकारनं तक्रार केली तेव्हा, डिसेंबर १८९० मध्ये, गोव्याहून उत्तर गेलं की आमची फौज पूर्वपरवानगीशिवाय ब्रिटिश हद्द कधीच ओलांडत नाही. परवानगी मागतो म्हणजे हक्क नाही, हे त्यांनीच लिहून दिलं. १९४० च्या व्यवस्थेत दहापर्यंत सशस्त्र पोलिसांची तुकडी असेल तर ती गेल्यावर २४ तासांत कळवलं तरी चाले. त्याहून जास्त असतील तर आधी संमती घ्यावी लागे. सवलत होती, हक्क नव्हता.

पोर्तुगाल इतक्या झटपट हेगला कसा पोचला? (एक वाचक, मडगाव)

१४ डिसेंबर १९५५ ला त्याला संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व मिळालं. १९ ला त्यानं न्यायालयाची सक्तीची अधिकारिता, म्हणजे खटला चालवण्याचा त्याचा अधिकार आधीच, मान्य केल्याचं जाहीर केलं आणि २२ ला खटला भरला. भारतानं ‘आम्हाला कळायलाही वेळ दिला नाही’ असा आक्षेप घेतला. तो नोव्हेंबर १९५७ मध्ये फेटाळला गेला. घोषणा महासचिवांकडे दाखल झाली की त्याच क्षणी लागू होते, दुसऱ्याला ती कधी कळली याला महत्त्व नाही.

हा निकाल गोव्यालाही लागू होता का? (एक वाचक, वास्को)

नाही. खटला दमण ते दादरा-नगरहवेली या वाटेपुरता होता. पेडणेही वेगळं. ते १७८८ मध्ये सावंतवाडीकरांनी तहानं तोडून दिलं, तिथं सरंजामाचा प्रश्नच नाही. गोव्यावरचा दावा पोर्तुगालनं ३१ डिसेंबर १९७४ च्या दिल्लीतल्या करारानं सोडला.