31 मार्चची घाई काजूच्या बागेला नको

प्रश्न : आम्ही मुलुंडला राहतो. मी आणि मिस्टर दोघंही नोकरी करतो. वेंगुर्ल्याजवळ सासऱ्यांची 500 झाडांची काजूबाग आहे, 1990 नंतरच्या रोजगार हमीच्या फळबाग योजनेतली. ती धाकटे दीर आणि जाऊबाई सांभाळतात. गेल्या मोसमात 4 टन बी झाली, सरासरी 120 रुपये किलोने व्यापाऱ्याला गेली. शिमग्याला गावी गेलो तेव्हा दिरांनी 18 लाखांच्या काजू प्रक्रिया युनिटचं कोटेशन दाखवलं. निम्मे कर्ज काढायचे, निम्मे आम्ही द्यायचे. यंत्रवाल्याची सवलत 31 मार्चपर्यंतच आहे आणि त्याआधी बिल झालं तर करही वाचेल, असं ते म्हणतात. बोनस आणि मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेली मुदत ठेव मोडून 9 लाख द्यावेत का?

उत्तर : ताई, ठेव मोडू नका. या मार्चमध्ये तर नाहीच.

आधी कराचं बघू. बी विकून येतं ते शेतीचं उत्पन्न, त्यावर कर नाही. युनिटच्या नफ्यावर कर लागेल, पण नफा अजून व्हायचाय. शिवाय घसारा, म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी नफ्यातून मिळणारी वजावट, मिळायला नुसतं बिल पुरत नाही, यंत्र 31 मार्चच्या आत प्रत्यक्ष चालू व्हावं लागतं. वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर घसारा निम्माच मिळतो. तुमच्या दोघांच्या पगारावरचा कर यातून एक रुपयाही कमी होणार नाही. यंत्रवाल्याला त्याचं वर्ष गाठायचं आहे. तुमच्या बागेचं वर्ष ऐन भरात आहे. पहाटे बोंडू गोळा करायचे, पिळून बी वेगळी करायची, अंगणात वाळवायची आणि संध्याकाळी काट्यावर घालायची. हे मेअखेरपर्यंत चालणार. वर्ष कसं गेलं ते पहिल्या पावसाआधी शेवटचं पोतं गेलं की कळतं.

आता युनिटचा हिशेब. चांगल्या वाळलेल्या शंभर किलो बीतून साधारण 25 ते 28 किलो गर निघतो. 26 धरला तर तुमच्या 4 टनांतून 1,040 किलो. दादरच्या दुकानात अख्ख्या मोठ्या काजूवर लिहिलेला भाव दिरांच्या डोळ्यांसमोर आहे. पण ड्रायरमधून अख्खा, पाकळी, तुकडा सगळंच बाहेर पडतं. म्हणून मी घाऊक सरासरी 700 रुपये धरतो. झाले 7 लाख 28 हजार. तीच बी तशीच विकली असती तर 4 लाख 80 हजार. फरक अडीच लाखांच्या आत. त्यातून वाफवणं, कापणं, सोलणं, वीज, पॅकिंग यांचा खर्च बीच्या किलोमागे 30 रुपये धरला तर 1 लाख 20 हजार जातात. हातात सव्वा लाखाच्या आसपास राहतात. आणि 9 लाखांच्या कर्जाचे पाच वर्षांचे हप्ते, साडेदहा टक्क्यांनी, वर्षाला सव्वादोन लाखांच्या वर जातात.

थोडक्यात, घरची बी यंत्राला पुरत नाही. युनिट चालवायचं तर शेजारच्या बागांची बी घ्यावी लागेल. 20 टन करायचे म्हटले तर 16 टन विकत घ्यायची. 120 च्या भावाने 19 लाख 20 हजार, तेही मार्च ते मे या तीन महिन्यांत, कारण बी तेव्हाच मिळते. गर मात्र गणपती, दिवाळीपर्यंत हळूहळू खपतो. हे खेळतं भांडवल कोटेशनमध्ये कुठेच नाही. यंत्र आहे, शेड आहे, आणि ऐन मोसमात बी घ्यायला पैसे नाहीत म्हणून कुलूप लागलंय, असं युनिट मी माझ्या आजोळी स्वतः पाहिलंय. त्या घरातली माणसं कष्टात कुठे कमी नव्हती.

दिरांचा विचार चुकीचा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. व्यापारी सांगेल त्या भावाला वर्षानुवर्षं बी देत राहायचं, हे सल माणसाला लागतंच. म्हणून या मोसमात एक टन बी राखून ठेवा. ती नीट वाळलेली असू दे, मुठीत हलवली की आत गर खुळखुळला पाहिजे. जवळच्या एखाद्या कारखान्यातून मजुरीवर फोडून घ्या. अडीचशे किलोच्या आसपास गर होईल. तो दिवाळीआधी मुलुंडच्या सोसायटीत, दोघांच्या ऑफिसात तुम्ही विका. यासाठी बोनसमधले 50 हजार दिलेत तर माझी हरकत नाही. किती जणांनी पुन्हा मागितला, तुकड्याचं काय झालं, उधारी किती अडकली, हे या एका खेपेत कळेल. विक्रीचा खटाटोप तुमच्याकडे येणार आहे, तो झेपतो का हेही कळेल.

दुसरी गोष्ट झाडांची. तुम्ही लिहिलंय की बाग 1990 नंतरच्या रोजगार हमीच्या फळबाग योजनेतली आहे. म्हणजे बरीच झाडं तिशीला आली. खोडकिड्याने किती पोखरलीत ते बघा. मेलेल्या झाडांच्या जागी वेंगुर्ला-7 या काजूच्या जातीची कलमं लावायला पाऊस सुरू झाला की जावं. हा खर्च लाखाच्या आत बसतो आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी बी दिसायला लागते. मला विचाराल तर पहिला पैसा इथे घाला.

पुढे युनिटचं ठरलंच, तर आधी सातबारा काढा. आत्या, चुलते अशी नावं असतील तर तारण ठेवताना बँक प्रत्येकाची संमती मागेल. तुमचे पैसे भागीदारी म्हणून की उसने म्हणून, हे सासऱ्यांच्या समोर कागदावर लिहा. दिरांना अवघड वाटेल, पण जाऊबाईंना बरं वाटेल, कारण सोलणीला बायका जमवणं त्यांच्याच अंगावर येणार आहे आणि त्यांचा वाटा आजवर कुणी लिहिलेला नाही. रक्कम बँकेतूनच द्या. 20 हजार किंवा त्याहून जास्त उसने रोखीने घेणं कायद्यात बसत नाही.

मे महिन्यात गावी जाल तेव्हा सासऱ्यांची वही उघडून बसा. वेचणीची मजुरी, राखण, फवारणी, व्यापाऱ्याकडून पावसाळ्यात घेतलेली उचल, सगळं त्यात असेल. मागच्या तीन मोसमांच्या त्या पानांचे फोटो मला पाठवा.