मारुती एस्टीमच्या इंजिनवर बाइकच्या चार थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपा) बसतील का?

बसतात, पण खरं काम मॅनिफोल्डचं, म्हणजे बॉडीपासून इंजिनापर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांचं आहे. बाइकच्या बॉडींमधलं अंतर कारच्या पोर्टांशी, म्हणजे इंजिनात हवा शिरायच्या तोंडांशी, जुळत नाही. त्या सुट्या करून लांबवाव्या लागतात, मधली लिंकही नवी करावी लागते. एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) एस्टीमचा मूळ ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इथे नीट चालणार नाही. चार बॉडींवर व्हॅक्यूम (इंजिन हवा ओढताना होणारी पोकळी) सतत कमी-जास्त होतो, म्हणून थ्रॉटलच्या कोनावरून पेट्रोल ठरवणारा, ट्यून करता येणारा ईसीयू घ्या. ब्रेक बूस्टरसाठी (व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक दाबायला मदत करणारा भाग) चारही रनरमधून, म्हणजे मॅनिफोल्डच्या नळ्यांमधून, व्हॅक्यूम एकत्र घ्या, मध्ये वन-वे व्हॉल्व्ह टाका. ब्रेकचा प्रश्न आहे, इथे जुगाड नको.

आणि उघडे ट्रम्पेट (बॉडीच्या तोंडावरचे हवा ओढणारे भोंगे) आपल्या मराठवाड्यात नकोच हो! उन्हाळ्यात जालना-बीड करून आलात की बोनेटखाली बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ असते. तीच आत जाऊन रिंगा आणि सिलिंडर खाते. फिल्टरचा डबा आधी बनवून घ्या.