सौर वादळात ड्रोन फवारणी करावी का? शेतकऱ्यांच्या शंका आणि उत्तरं

"सूर्यावर वादळ उठलंय. तीन दिवस मोबाइल बंद ठेवा, मोटारी चालू करू नका, जळतील," असा मेसेज कोल्हापूरकडच्या करवीर, कागल, शिरोळच्या ग्रुपवर फिरतोय. त्यावरून उसाला काही होईल का, मोटार जळेल का आणि ठरलेली ड्रोन फवारणी करावी का, असं अनेकांनी विचारलंय.

ऊस आणि मोटार आधी उरकतो. सूर्यावरून सुटलेले भारित कण पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आणि वातावरण अडवून धरतं. शिवारापर्यंत काही पोचत नाही. ऊस पिवळा पडत असेल तर आभाळाकडे बघू नका, बुडखा उकरून हुमणी (मुळं खाणारी अळी) बघा. मोटारीची भीती आली ती कॅनडातून. 13 मार्च 1989 ला क्युबेक प्रांतात सौर वादळामुळे सुमारे 60 लाख लोकांची वीज नऊ तास गेली. पण तो मुलूख ध्रुवाकडचा, खाली कठीण खडक आणि वर लांबच लांब वाहिन्या. चुंबकीय विषुववृत्त आपल्या देशाच्या दक्षिण टोकाजवळून जातं, त्यामुळे आपल्याकडे तो धोका बराच कमी. आपल्या मोटारी जळतात त्या कमी दाबानं आणि एक फेज गेल्यानं. मोबाइलही बंद ठेवायची गरज नाही.

ड्रोनची शंका मात्र रास्त आहे, आणि मेसेजमध्ये नेमकी तीच नव्हती.

ड्रोन आपली जागा जीपीएसवरून ओळखतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20 हजार किलोमीटरवर फिरतात. त्यांचा सिग्नल खाली येताना आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थरातून येतो. वादळात हा थर ढवळून निघतो, सिग्नलला कमीजास्त उशीर लागतो आणि यंत्राला आपली जागा चुकीची कळते. 10 मे 2024 च्या मोठ्या वादळात, ऐन पेरणीच्या हंगामात, अमेरिकेतले जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर ओळ सोडू लागले. कित्येकांनी पेरणी थांबवली. उपग्रहही सुटत नाहीत. फेब्रुवारी 2022 मध्ये उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकनं नुकतेच सोडलेले 49 पैकी 38 उपग्रह गेले, कारण तापून फुगलेल्या वातावरणानं त्यांना खाली ओढलं.

तणनाशक भरलेला ड्रोन चार-पाच मीटर जरी सरकला, तरी शेजारच्या सोयाबीनचं नुकसान ठरलेलं. शिवाय आपल्या शिवारात विजेच्या तारा कमी नाहीत. म्हणून फवारणीच्या आदल्या रात्री आणि त्या सकाळी चालकाला केपी अंक बघायला सांगा. चुंबकीय वादळाचा जोर सांगणारा हा अंक 0 ते 9 असतो. 5 किंवा वर असेल तर फवारणी पुढे ढकला. सूर्यावरून निघालेला भारित कणांचा ढग इथे यायला साधारण एक ते तीन दिवस घेतो, त्यामुळे अंदाज आधी मिळतो. आपलं आदित्य-एल1 यानही पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवरून सूर्यावर नजर ठेवून आहे.

आपल्या अक्षांशांवर आणखी एक भानगड आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. सूर्य सक्रिय असलेल्या वर्षांत मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, वादळ नसतानाही, सूर्यास्तानंतर काही तास जीपीएसचा सिग्नल अडखळतो. दिवस बुडताना "एवढा एकच प्लॉट उरकून घेऊ" म्हणू नका. वाऱ्याचा विचार केला तरी सकाळच बरी. (याच आयनांबराच्या खालच्या भागाचा अभ्यास करायला भारतीय भूचुंबकत्व संस्थेनं आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारात रडार बसवलं. याच परंपरेतल्या मुंबईच्या कुलाबा वेधशाळेनं 1859 चं महावादळ नोंदवलं होतं.)

पुराच्या इशाऱ्याचं काय, असं शिरोळहून विचारलंय. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची पातळी पट्टीवर वाचली जाते, त्याला उपग्रह लागत नाही. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, हे तुम्हाला पाठच आहे.

राहिली रोव्हरची, म्हणजे उपग्रहाच्या सिग्नलवर चालणाऱ्या यंत्रानं होणारी जमिनीची मोजणी. ती सेंटिमीटरच्या हिशोबात चालते, त्यामुळे ड्रोनपेक्षाही नाजूक. यंत्रावर 'फिक्स' (जागा पक्की मिळाल्याची खूण) येत नसेल किंवा येऊन जात असेल तर भूकरमापकाला थांबायची विनंती करा, आणि वेळ गेला तरी चालेल, पण शंका असलेला बिंदू थोड्या वेळानं पुन्हा घ्यायला लावा. भाऊबंदांच्या सामाईक बांधावर तर हे नक्की करा.