बीए सेट (अग्निशमन जवानाचे हवेच्या सिलिंडरसह श्वसनयंत्र) पाठीवर घेतल्यावर कंबर का भरते आणि पायऱ्यांवर तोल का जातो?

स्टील सिलिंडरचा बीए सेट साधारण १५ किलोचा. हे वजन पाठीमागे असल्यामुळे शरीर नकळत पुढे वाकते, मान बाहेर येते आणि सगळा ताण कमरेच्या स्नायूंवर पडतो. बहुतेकांची चूक पट्ट्यांत असते: खांद्याचे पट्टे करकचून ओढलेले आणि कमरेचा पट्टा लोंबता, किंवा पोटावर. उलट करा. आधी खांद्याचे पट्टे ओढून सेट वर घ्या, कमरेचा पट्टा कमरेच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणाऱ्या हाडांवर घट्ट आवळा, मग खांद्याचे थोडे सैल सोडा. वजन हाडांवर उतरते.

तोलाचे कारण वेगळे. मास्कमुळे पायाखालचे दिसत नाही, जाड बुटांत जमीन जाणवत नाही. त्यात गोव्यातल्या पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्या! पूर्ण पाऊल टेकवा, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, वजन टाकण्याआधी पायाने चाचपा.

होज (पाण्याचा पाइप) ओढताना कंबर पिळू नका, पाय वळवा. ६३ मिमीच्या १५ मीटर होजमध्ये जवळजवळ ४७ किलो पाणी मावते, म्हणून शक्यतो भरण्याआधीच तो जागेवर न्या.

व्यायाम रोजचा, ड्यूटी संपल्यावर थकलेल्या अंगाने नव्हे: हात-गुडघ्यांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय सरळ, १० सेकंद, मग उलट बाजू, ६ वेळा. एका पायावर ३० सेकंद उभे राहणे, जमले की डोळे मिटून, भिंतीजवळ.

पाय बधिर होत असेल तर डॉक्टर गाठा. लघवीवरचा ताबा सुटला तर लगेच, त्याच दिवशी.