मुलाच्या ट्रायल्स सायकलचा मागचा ब्रेक सटकतो, स्पॉन्सर्ड मुलगा वापरतो तेच पॅड घेऊ का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगा तेरा वर्षांचा, सेकंडहँड वीस इंची ट्रायल्स सायकल (ट्रायल्स म्हणजे पाय न टेकता अडथळ्यांवरून उड्या मारत जायचा सायकलचा खेळ), पुढे डिस्क आणि मागे मागुरा कंपनीचा एचएस ३३ रिम ब्रेक, म्हणजे तेलाच्या दाबाने चाकाच्या कडेची रिम दोन पॅडमधे धरणारा. मागच्या चाकावर उभं राहून उडी मारली की उतरताना चाक दोन-चार सेंटिमीटर मागे सटकतं, वर ब्रेक किंचाळतो पण. क्लबमधला एक मोठा मुलगा स्पॉन्सर्ड आहे, तो म्हणतो आमच्या कंपनीचे पॅड लावा, आणि आता तुमच्या चिरंजीवांना पॅडही तेच हवेत आणि तसली जर्सी पण हवी. पॅडचं आधी सांगतो, जर्सीचं शेवटी.

पॅड लगेच घेऊ नका. ते वाईट असतील म्हणून नाही, चांगलेच असतील, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून मला पॅडवर शंका सगळ्यात शेवटी येते. त्या मुलाला पॅड फुकट किंवा निम्म्या किमतीत मिळतात, तो ते अर्धे झिजायच्या आत बदलतो, स्पर्धेच्या आधी रिम नव्याने ग्राइंड करतो, म्हणजे तिच्या बाजू ओरखडे मारून खरखरीत करतो, आणि उतरताना नेमक्या कुठल्या क्षणी बोट दाबायचं हे त्याच्या अंगात भिनलंय. या सगळ्यातली फक्त पॅडची डबी तुम्ही विकत घेऊ शकता, बाकीचं नाही.

ट्रायल्सचा ब्रेक म्हणजे वेग कमी करायचा ब्रेक नव्हेच मुळी. सायकल जवळजवळ उभीच असते, सीट नसते, गिअर नसतात, आणि काम एकच, चाक ठार बंद करायचं. हळूहळू ब्रेक लागणं वगैरे जे माउंटन बाइकवाले कौतुकाने सांगतात त्याचा इथे काही उपयोग नाही. एका बोटाने दाबला की चाक दगड, सोडला की मोकळं. इथे लोक दोन गोष्टी वेगळ्या मोजतात, बाइट आणि होल्ड. बाइट म्हणजे फिरतं चाक पटकन पकडणं, आणि होल्ड म्हणजे पकडलेलं चाक सगळं वजन अंगावर आलं तरी न सोडणं. तुमच्या मुलाचा प्रॉब्लेम होल्डचा आहे.

तुम्ही विचारलंय की मागेही डिस्कच का नाही, रिम ब्रेक जुना प्रकार ना. रस्त्यावर जुना, इथे अजिबात नाही. त्याच्या सायकलचं मागचं चाक खरं तर १९ इंची आहे, रिमचं माप ३८७ मिलिमीटर. डिस्कचा रोटर, म्हणजे चाकाच्या मधे बसणारी चकती, साधारण १६० चा. म्हणजे रिम ब्रेक चाकाला मध्यापासून जवळजवळ अडीच पट लांब पकडतो, तेवढीच पकड ठेवायला जोर त्या मानाने कमी लागतो, शिवाय ताण हब आणि स्पोक्समधून जात नाही त्यामुळे चाक पीळ खात नाही. डिस्कचे फायदे वेगळे, पाऊस, चिखल, चाक थोडं वाकडं झालं तरी चालतं, आणि रिम खरवडायची कटकट नाही. होप ही कंपनी, लँकाशरमधल्या बार्नॉल्ड्सविकची, ट्रायल झोन नावाचा खास याच खेळासाठी डिस्क ब्रेक बनवते आणि खूप रायडर पुढे-मागे दोन्हीकडे तोच लावतात. पण चालू स्थितीतला एचएस ३३ काढून डिस्क बसवायला फ्रेमला माउंट लागतो, हब लागतो, खर्च बघता आत्ता त्या वाटेला जाऊच नका.

आता सायकलकडे वळू. पहिली गोष्ट, ब्रेक दाबून धरा आणि मुलाला सांगा सायकल जोरात मागे-पुढे ढकल, तुम्ही मागून वाकून बघा. तीन वेगळ्या गोष्टी दिसू शकतात. पॅड जागेवर आहेत आणि रिम त्यांच्यामधून घसरतेय, ही एक. दुसरी म्हणजे ब्रेक दाबला की फ्रेमच्या मागच्या दोन्ही नळ्या बाहेर फाकतायत, म्हणजे मुलाच्या बोटाचा अर्धा जोर फ्रेम वाकवण्यात चाललाय. तिथे घोड्याच्या नालेसारखी एक पट्टी बसते, तिला बूस्टर म्हणतात, सेकंडहँड सायकलवर बरेचदा ती काढून ठेवलेली असते किंवा बोल्ट ढिला असतो. आणि तिसरी, पॅड ढकलणारा सिलिंडर ज्या क्लॅम्पमधे बसतो तो क्लॅम्पच हलतोय आणि पॅड रिमबरोबर किंचित फिरतोय. दुसरी-तिसरी गोष्ट दिसली तर जगातला कुठलाही पॅड लावा, फरक शून्य.

नळ्या आणि क्लॅम्प ठीक असतील तर पॅड काढून त्यांचा चेहरा बघा. पूर्ण चेहरा सारखा झिजलाय का एकच कोपरा? कडेला उंचवटा राहिलाय का, म्हणजे पॅडचा थोडा भाग रिमच्या बाहेर लोंबत होता आणि तो न झिजता तसाच उरला? तो उंचवटा रिमच्या कडेवर टेकतो आणि बाकीचा पॅड अधांतरी. पॉलिश पेपर सपाट फरशीवर ठेवून पॅड त्यावर घासून एकदम सपाट करा आणि बसवताना रिमला पूर्ण समांतर बसवा. साध्या सायकलला पॅडचं पुढचं टोक जरा आत ठेवतात आवाज येऊ नये म्हणून, इथे ते करायचं नाही, इथे सगळा चेहरा एकदम टेकला पाहिजे. आवाज येणारच. ग्राइंड केलेल्या रिमवर ब्रेक किंचाळणं हा बिघाड नाही, उलट ब्रेक एकदम गप्प झाला तर मी काळजी करीन.

रिमवर जरा जास्त बोलतो कारण माझा पैजेचा घोडा तोच आहे. ट्रायल्सवाले रिमच्या बाजूंवर अँगल ग्राइंडरने बारीक तिरके ओरखडे मारतात, नवी कोरी रिम आणून पहिल्याच दिवशी, बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. त्या ओरखड्यांमधे कडक पॅड रुततो आणि मग होल्ड मिळतो, ओल्यात सुद्धा बऱ्यापैकी. पण वापरून वापरून ते ओरखडे गुळगुळीत होतात. आपल्याकडे पाट्याला टाकी लावायचे ना, पाटा गुळगुळीत झाला की वाटण नुसतं घसरायचं, तसंच आहे हे. रिमच्या बाजूवरून नखं फिरवा. खरखर लागली पाहिजे. काचेसारखी लागली किंवा ओरखड्यांमधे काळी पूड भरून बसली असेल तर तुमचं उत्तर तिथेच आहे. आधी तारेचा ब्रश आणि स्पिरिटने पूड काढून बघा, कित्येकदा तेवढ्यानेच काम होतं.

नाहीच झालं तर पुन्हा ग्राइंड. हे मुलाच्या हातात देऊ नका, क्लबमधल्या कोणा मोठ्या माणसाला सांगा, गॉगल घालून. टायर-ट्यूब काढून, जाड ग्राइंडिंगची डिस्क लावून, पातळ कटिंगची नाही कारण ती आडव्या दाबाला फुटू शकते आणि अॅल्युमिनियममधे खोल पण जाते. हात एकदम हलका, नुसतं टेकवायचं आणि उचलायचं. आणि त्याआधी रिमच्या बाजूला स्टीलची पट्टी उभी लावून बघा. बाजू आत खोलगट झाली असेल, पट्टी आणि रिममधे फट दिसत असेल, तर ती रिम आधीच पुष्कळ ग्राइंड होऊन पातळ झालीय, आता ग्राइंड नको, रिम बदला. पातळ झालेली बाजू एक दिवस तडकते, आणि तडकते ती नेमकी उंचावरून उतरतानाच. सेकंडहँड सायकल घेताना कोणीही ही पट्टी लावत नाही, रंग आणि स्टिकर बघतात.

कोणी म्हणेल ग्राइंड नको, रिमवर डांबर घासा. होय, खरंच डांबराचा खडा घासतात. कोरड्यात होल्ड भन्नाट मिळतो, पण पाऊस पडला की ब्रेक गेलाच, आणि इंग्लंडमधे राहून पाऊस नसेल यावर सायकलचा ब्रेक ठरवायचा म्हणजे काय बोलायचं.

मग तेल. एचएस ३३ मधे तेलाची टाकी नसते, बंद सिस्टम आहे, म्हणून पॅड झिजले की ती जागा आपोआप भरून निघत नाही, लिव्हर हँडलकडे आत आत येत जातो. त्यासाठी लिव्हरवर छोटा नॉब असतो, तो फिरवून पॅड जवळ आणायचे. पण नॉब फिरवूनही लिव्हर स्पंजासारखा लागत असेल तर आत हवा आहे, ब्लीड करावं लागेल. खालून सिलिंडरच्या बाजूने सिरिंजने तेल ढकलायचं आणि लिव्हरचं भोक सगळ्यात उंच राहील अशी सायकल तिरकी धरायची, हवा वरच जाते. अवघड काही नाही, जुनं टॉवेल जवळ ठेवा. एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, मागुरात मिनरल ऑइल जातं आणि होपच्या डिस्कमधे डॉट ५.१ नावाचं वेगळं ब्रेकचं तेल. अदलाबदल केली की आतली रबरी सील फुगतात आणि ब्रेक कचऱ्यात. तुमच्या सायकलचा पुढचा डिस्क कुठल्या कंपनीचा ते लिहिलं नाहीये, तो होपचा असेल तर एकाच घरात दोन तेलं झाली, बाटल्यांवर मार्करने मोठं लिहून ठेवा.

क्लबमधे तुम्हाला हेही ऐकायला मिळेल की काही जण मागुरात तेलाऐवजी पाणी आणि अँटिफ्रीझ भरतात. खरं आहे, पाणी तेलापेक्षा पातळ म्हणून लिव्हर झटकन परत येतो, थंडीत तर फरक नक्की जाणवतो. पण आतून गंजतं, आणि अँटिफ्रीझ कमी पडलं तर गॅरेजमधे गोठतं. ज्याला दर थोड्या दिवसांनी ब्रेक खोलायची हौस आहे त्याने करावं. तेरा वर्षांच्या पोराच्या सायकलला तेल बरं.

लिव्हरची जागा पण बघा. बोट लिव्हरच्या अगदी टोकाला पडलं पाहिजे, मधे नाही. लहान हातांच्या मुलांना आधीच्या मालकाच्या हाताला बसवलेला लिव्हर लांब पडतो, मग ते दोन बोटं वापरतात आणि हँडलची पकड जाते. हे फुकटातलं काम आहे, अॅलन की घेऊन पाच मिनिटं.

एवढं सगळं करून सटकत असेल तर मग पॅड घ्या, आणि ग्राइंड केलेल्या रिमसाठीचेच घ्या, साध्या सायकलचे मऊ रबरी पॅड ग्राइंडवर खिसल्यासारखे संपतात. पॅडची मागची पट्टी प्लास्टिकऐवजी अॅल्युमिनियमची मिळाली तर चांगलं, ती दाबाने वाकत नाही. मग तो मुलगा वापरतो तेच घेतलेत तरी माझी काही हरकत नाही.

आता जर्सी. स्पॉन्सर्ड या शब्दात पुष्कळ मजले आहेत. सगळ्यात खालचा मजला म्हणजे दुकान किंवा छोटी कंपनी काही टक्के सूट देते आणि बदल्यात जर्सी घालायची, फोटो टाकायचे. क्लबमधली बहुतेक मुलं इथे असतात. त्याच्या वर सामान फुकट मिळणारे, आणि पगार मिळणारे म्हणजे अगदी हातावर मोजण्याइतके. अनेक वेळा वर्ल्ड चॅम्पियन झालेला जॅक कार्थी तुमच्याच देशातला, २०२३ ला ग्लासगो ग्रीनवर वर्ल्ड्स, म्हणजे जागतिक स्पर्धा, झाल्या तेव्हा लोकांना कळलं की असा पण खेळ असतो, नाहीतर फुटबॉलमधल्या राखीव गोलकीपरला पण याहून जास्त लोक ओळखतात.

मुलं उदाहरण देतात डॅनी मॅकअस्किलचं. तर तो स्कॉटलंडमधल्या स्काय बेटावरचा मुलगा एडिनबरामधे सायकलच्या दुकानात मेकॅनिक होता, एप्रिल २००९ मधे त्याच्या रूममेटने शूट केलेला व्हिडिओ आला, त्यात तो टोकदार लोखंडी कुंपणावरून सायकल चालवतो, आणि मग नोकरी सुटली, रेड बुल वगैरे आलं. पण त्याआधी कित्येक वर्षं तो रस्त्यावर तेच करत होता, आणि सायकल स्वतः दुरुस्त करत होता हे कोणी सांगत नाही. त्याच्याही आधी स्पेनमधे माँटेसाच्या मोटरसायकलवाल्या पेरे पीने स्वतःच्या मुलासाठी, ओत पीसाठी, ट्रायल्सच्या सायकली बनवल्या, त्यातून माँटी कंपनी झाली आणि ओत वर्ल्ड चॅम्पियन. म्हणजे पहिला स्पॉन्सर बापच होता, आणि अजूनही बहुतेक घरांत तसंच आहे, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दुसरी बाजू पण मुलाला कळू द्या. वरच्या रायडरना पैसा बराचसा शोमधून मिळतो, जत्रा, शाळा, मोटरस्पोर्टचे कार्यक्रम. मार्टिन अ‍ॅश्टन हा या खेळातला फार मोठा माणूस, २०१३ मधे सिल्व्हरस्टोनला असाच डेमो करताना पडला आणि कमरेखाली लुळा झाला. घाबरवायला सांगत नाहीये, पण जर्सी घातली की आज मूड नाही, मी नाही उडी मारत, असं म्हणणं अवघड होतं, तेरा वर्षांच्या मुलाला तर फारच.

म्हणून कोणी ऑफर दिलीच तर सही तुमची लागणार, आणि सही करायच्या आधी विचारा की दुसऱ्या कंपनीचा ब्रेक लावायची मुभा आहे का. नसेल तर चालू असलेला एचएस ३३ काढून सवलतीत त्यांचा ब्रेक विकत घ्यावा लागेल, आणि फुकट ते पौष्टिक म्हणता म्हणता खिशातून दोनशे पौंड जातात. फोटो-व्हिडिओ महिन्याला किती हवेत, त्यांचे हक्क कोणाकडे, शो करायला लावणार का, लावला तर इन्शुरन्स कोणाचा, हे लेखी घ्या. यातलं काही विचारल्यावर समोरचा वैतागला तर सोडून द्या.

रिमला पट्टी लावून बाजूने एक फोटो काढा आणि इथेच टाका, सोबत पॅडच्या चेहऱ्याचा पण. ते बघून ग्राइंड करायची की रिमच बदलायची ते सांगतो. तोवर मोठ्या उड्या बंद, जमिनीवर ट्रॅक स्टँड (म्हणजे सायकलवर जागच्या जागी तोल धरून उभं राहणं) आणि पुढच्या चाकाचं काम करू दे.