वन्यजीव व्यवस्थापनाची पदवी : महाविद्यालय निवडताना

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे तिचे विषय होते; नीट आणि राज्याची सीईटी या दोन्ही परीक्षा तिने दिल्या आहेत. आमच्या जवळच्या येडशीच्या अभयारण्यात डिसेंबर २०२४ मध्ये वाघ आला, तेव्हापासून वन्यजीवांच्याच क्षेत्रात काम करायचे, असे तिने मनाशी पक्के केले आहे. एका खासगी संस्थेत ‘वन्यजीव व्यवस्थापन’ याच नावाची तीन वर्षांची पदवी आहे. तिचे शुल्क आमच्या दोन हंगामांच्या सोयाबीनएवढे आहे. मात्र वनखात्यात नोकरी हमखास लागते, असे संस्थेचे प्रतिनिधी फोनवर सांगतात. तेथे प्रवेश घ्यावा का? न घेतल्यास कोठे घ्यावा?
— एक शेतकरी वाचक, कळंब, जि. धाराशिव

उत्तर : आपण पैसे भरण्याआधी विचारले, हे फार बरे झाले. वनखात्यातील भरती जाहिरात, परीक्षा आणि गुणवत्तायादी यांतूनच होते. कोणतीही संस्था त्या नोकरीची हमी देऊ शकत नाही. जी संस्था अशी हमी फोनवर देते, तिच्या इतर दाव्यांचीही कागदोपत्री खातरजमा केल्याशिवाय तेथे एक रुपयाही भरू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. पदवी प्रत्यक्षात कोणते विद्यापीठ देणार आहे, त्या विद्यापीठाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का आणि हे महाविद्यालय त्याला संलग्न आहे का, हे लेखी मागावे. ते मिळत नसेल, तर विषय तेथेच संपवावा.

कागद मिळाले, तरी एक प्रश्न उरतो आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भारतीय वनसेवा परीक्षेला बसण्यासाठी पदवीत पशुसंवर्धन व पशुवैद्यकशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र किंवा प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय असावा लागतो, अथवा कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकी यांची पदवी असावी लागते. या यादीत ‘वन्यजीव व्यवस्थापन’ हे नाव नाही. म्हणजे ज्या पदवीच्या नावात वन्यजीव आहे, पण जिच्या गुणपत्रिकेवर प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र हा विषय म्हणून उमटत नाही, ती पदवी घेतलेली मुलगी देशातील वनसेवेच्या सर्वांत मोठ्या परीक्षेच्या दारातच अडू शकते. वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक या राज्यसेवेतील पदांसाठी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीतही पात्रतेच्या शाखा स्पष्ट दिलेल्या असतात. त्या संस्थेचा अभ्यासक्रम आणि ही जाहिरात शेजारी शेजारी ठेवून मुलीने स्वतः वाचावी.

म्हणून माझे मत असे, की पहिली पदवी भक्कम मूळ विषयाची घ्यावी आणि वन्यजीवांचे विशेष शिक्षण पदव्युत्तर पातळीवर घ्यावे. आपल्या मुलीसमोर त्यासाठी तीन रस्ते आहेत.

पहिला वनशास्त्राचा. दापोली आणि अकोला येथील कृषी विद्यापीठांच्या वनशास्त्र महाविद्यालयांत चार वर्षांची बी.एस्सी. वनशास्त्र ही पदवी आहे आणि तिचे प्रवेश राज्य सीईटी कक्षामार्फत होतात. तिने सीईटी दिलेलीच आहे. या पदवीत रोपवाटिका, वनसंवर्धन, मृद्‌संधारण, वनउपज आणि वन्यजीव असे सगळे येते. मुलीला फक्त प्राण्यांचीच ओढ असेल, तर यातील बराच भाग झाडांचा आहे, याची कल्पना तिला आधी द्यावी. मात्र ज्याला गवताळ रान, पाणवठा आणि झाडोरा कळत नाही, त्याला वन्यप्राण्यांचे व्यवस्थापन करता येत नाही, हेही तितकेच खरे आहे.

दुसरा पशुवैद्यकाचा. परभणी आणि उदगीर येथे नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. म्हणजे हा रस्ता मराठवाड्यातूनच निघतो. आंतरवासितेसह साडेपाच वर्षांच्या या पदवीचे प्रवेश नीटच्या गुणांवर होतात. याच विद्यापीठाचे वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र नागपूरला गोरेवाडा येथे आहे. बिबट्याला भूल देणे, जखमी काळविटावर उपचार करणे, मृत वन्यप्राण्याचे शवविच्छेदन करून मृत्यूचे कारण सांगणे, ही कामे पशुवैद्यकाशिवाय होत नाहीत. नीटचे गुण पुरेसे असतील, तर मी याला पहिली पसंती देईन, कारण वन्यजीव क्षेत्रात संधी मिळेपर्यंत तिच्या हाताला काम राहील. शेतकरी कुटुंबासाठी ही गोष्ट लहान नाही.

तिसरा रस्ता जवळच्या चांगल्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करण्याचा. खर्च सर्वांत कमी, तीन वर्षे घराजवळ, आणि पुढचे सगळे दरवाजे उघडे. तेथील प्रयोगशाळेत वन्यजीव भेटणार नाहीत, ती उणीव तिने बाहेर भरून काढावी. जानेवारीत होणारी पाणपक्ष्यांची गणना, बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखात्याकडून मचाणावरून होणारे पाणवठ्यांवरील निरीक्षण, पैठणच्या जायकवाडी पक्षी अभयारण्यातील आणि बीड जिल्ह्यातील नायगाव मयूर अभयारण्यातील भटकंती, यांतून नोंदवही भरते.

पदव्युत्तर शिक्षणासाठी देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था ही १९८२ मध्ये स्थापन झालेली प्रमुख संस्था आहे. तेथील एम.एस्सी. वन्यजीव विज्ञान हा अभ्यासक्रम सर्वांसाठी खुला आहे. मात्र त्याच संस्थेचा वन्यजीव व्यवस्थापनाचा पदव्युत्तर डिप्लोमा सेवेतील वनाधिकाऱ्यांसाठी असतो. नावाच्या सारखेपणामुळे येथे अनेकांची फसगत होते. बंगळूरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात वन्यजीव जीवशास्त्र व संवर्धन हा एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे, जागा मोजक्या, प्रवेश परीक्षा आणि मुलाखत कठीण. हे प्रवेश एक वर्षाआड होत आले आहेत, म्हणून वर्षाचा हिशेब आधीच करावा लागतो. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात वन्यजीव विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. पुण्यात भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेत वन्यजीव संवर्धनाचा आणि आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेचा एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे.

यांपैकी कोणतीही संस्था निवडताना विद्यार्थी वर्षातून किती दिवस प्रत्यक्ष रानात काम करतात, हा प्रश्न तिने अवश्य विचारावा. सहल आणि क्षेत्रकार्य यांत फरक आहे. ठरावीक रेषेवरून चालत दिसलेल्या प्राण्यांची अंतरे मोजणे, कॅमेरा ट्रॅप लावून आलेल्या हजारो छायाचित्रांतून नोंदी वेगळ्या काढणे, विष्ठा आणि ठसे ओळखणे आणि शेवटी या सगळ्याचे संख्याशास्त्रीय विश्लेषण करणे, हे क्षेत्रकार्य आहे. येडशीचा वाघ यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून आला हे कळले, ते त्याच्या अंगावरचे पट्टे जुन्या छायाचित्रांशी जुळवल्यामुळे. गौताळा अभयारण्यात मार्च २०२१ मध्ये पोहोचलेला वाघही टिपेश्वरचाच होता. शेकडो किलोमीटरची ही वाट त्यांनी शेतांतून, ओढ्यांतून, रस्ते ओलांडून कापली. अशा प्राण्याचे काय करायचे, त्याला पकडायचे की राहू द्यायचे, गुरे मारली गेली तर पंचनामा किती तासांत व्हायला हवा, गावकऱ्यांशी कोणी आणि कसे बोलायचे, हेच वन्यजीव व्यवस्थापन होय. रोही (नीलगायी) आणि रानडुकरांनी पीक तुडवल्याचे दुःख आपल्या मुलीने घरी पाहिले आहे. शहरातील विद्यार्थ्याला जे वर्गात शिकावे लागते, ते तिला ठाऊक आहे. मुलाखतीत तिने ते संकोच न बाळगता सांगावे.

मुलगी म्हणून तिला रानातील कामाला पाठवण्याची काळजी आपल्या पत्रात थेट आलेली नाही, पण ती मनात असणार. महाविद्यालयाचे वसतिगृह आणि क्षेत्रकार्याच्या वेळी सोबत असणारे शिक्षक यांची चौकशी आजी-माजी विद्यार्थिनींकडेच करावी. माहितीपुस्तिकेतून ते कळत नाही. महाराष्ट्रात आज वनरक्षकापासून वरिष्ठ वनाधिकाऱ्यांपर्यंत सर्व पातळ्यांवर स्त्रिया काम करत आहेत. आपल्या विभागीय वन कार्यालयात मुलीला घेऊन एकदा जावे आणि तेथील वनरक्षक भगिनींशी तिची गाठ घालून द्यावी.

प्रश्न : मी नांदेड जिल्ह्यात प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. वन्यजीव विषयातील प्रवेश परीक्षेची तयारी कशी करावी?
— एक विद्यार्थी, किनवट

उत्तर : परिस्थितिकी, उत्क्रांती आणि संख्याशास्त्र हे तीन विषय पक्के करावेत, त्यातही संख्याशास्त्र, कारण प्राणिशास्त्राचे विद्यार्थी बहुधा तेथेच मागे पडतात. परीक्षा आणि शोधनिबंध इंग्रजीत असतात, म्हणून आठवड्याला एक शोधनिबंध शब्दकोश हाताशी घेऊन वाचावा आणि त्याचा सारांश आधी मराठीत, मग इंग्रजीत लिहावा. आपल्या भागातच पैनगंगा अभयारण्य आहे. त्याच्या परिसरातील एकच तळे किंवा एकच माळ निवडून वर्षभर दर पंधरवड्याला ठरलेल्या वेळी जावे आणि पक्ष्यांच्या तारीखवार नोंदी ठेवाव्यात. ती वही मुलाखतीला सोबत न्यावी.