वाचक विचारतात : युद्ध नक्की कुणाला हवं असतं?

(या महिन्यात आलेल्या पत्रांत युद्धाचाच विषय जास्त होता, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो.)

प्रश्न : आमच्या वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सीमेवर जरा काही खुट्ट झालं की "आता सोडू नकात तेंका, एकदाच काय ता होऊन जाऊंदे" असं सुरू होतं. माझा मुंबईचा भाचा म्हणतो, मामा हा सगळा शस्त्रं विकणाऱ्या कंपन्यांचा खेळ आहे, आपण नुसत्या टाळ्या वाजवतो. खरं काय? – एक आंबा बागायतदार, देवगड

उत्तर : भाच्याचं अर्धं खरं आहे, फक्त तो सांगतोय इतकं ते सोपं नाहीये. आणि ही शंका काही फक्त चळवळवाल्यांना येते असंही नाही. आयझेनहॉवर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला सेनापतीच, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला आणि खुर्ची सोडताना १७ जानेवारी १९६१ ला टीव्हीवर त्याने लोकांना स्पष्ट सांगितलं की लष्कर आणि शस्त्रउद्योग यांची जी युती झालीय तिचं वजन सरकारवर पडू देऊ नका. ज्याने आयुष्य युनिफॉर्ममध्ये काढलं तो हे बोलतो तेव्हा जरा ऐकावं लागतं.

त्याच्याही आधी, १९३४ ते ३६ मध्ये, तिथल्या सिनेटने जेराल्ड नाय नावाच्या सिनेटरच्या हाताखाली चौकशी समिती नेमली होती, की पहिल्या महायुद्धात अमेरिकेला शस्त्रवाल्यांनी आणि बँकांनी ओढलं का. ९३ सुनावण्या झाल्या, दोनशेहून जास्त साक्षीदार. अफाट नफा सापडला, परदेशात ऑर्डर मिळवायला दिलेली लाच सापडली, कंपन्यांनी आपसात बाजार वाटून घेतल्याचं सापडलं, पण ठरवून कट केला आणि देशाला युद्धात ढकललं हे काही सिद्ध झालं नाही. मला भाच्याला हेच सांगायचंय. धंदेवाला युद्ध सुरू करतोच असं नाही, पण सुरू झालेलं थांबवताना तो मध्ये येतो, आणि सुरू व्हायच्या आधी "जरा थांबा" म्हणणाऱ्याचं कुणी ऐकणार नाही याची व्यवस्था त्याच्या पैशातून बऱ्यापैकी होते.

आता टाळ्यांचं. कंपनीचा ताळेबंद बघून कुणी टाळ्या वाजवत नाही हो, राग येतो म्हणून वाजवतो, आणि आपला राग खोटाही नाही. १९९३ ला आरडीएक्स आपल्याच शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलं, २००८ ला ते दहाजण समुद्रातूनच आले, त्यामुळे ग्रुपवरच्या माणसाला "तुला कंपन्यांनी फूस लावली" असं म्हणणं म्हणजे त्याला वेड्यात काढणं झालं, भाच्याने ते करू नये.

पण खऱ्या रागालाही खतपाणी घालता येतं. कुवेतचं बघा, आपली रत्नागिरी-रायगडची कितीतरी घरं त्यात होरपळली. २ ऑगस्ट १९९० ला इराक कुवेतमध्ये घुसला, एअर इंडियाने जॉर्डनच्या अम्मानवरून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय परत आणले. आक्रमण खरं, हाल खरे. तरीसुद्धा अमेरिकेतलं लोकमत पुरेसं तापत नव्हतं. मग ऑक्टोबरमध्ये नायिरा एवढंच नाव सांगून १५ वर्षांची एक मुलगी तिथल्या खासदारांसमोर रडत रडत बोलली की इराकी सैनिकांनी हॉस्पिटलमध्ये शिरून बाळांना इन्क्युबेटरमधून काढलं आणि जमिनीवर मरायला टाकलं. राष्ट्राध्यक्ष बुश (थोरले) ही गोष्ट भाषणांत पुन्हा पुन्हा सांगत होते. युद्ध होऊन गेलं आणि मग १९९२ मध्ये बाहेर आलं की ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूताचीच, सगळी मोहीम हिल अँड नोल्टन या जाहिरात-प्रसिद्धीवाल्या कंपनीने चालवलेली, त्याचे पैसे जवळजवळ सगळे कुवेत सरकारचे, आणि इन्क्युबेटरवाल्या प्रकाराला कधी पुरावा मिळाला नाही. म्हणजे इथे शस्त्रवाल्याचं नाव कुठेच नाही बघा, लोकमत तयार करणं हाच एक वेगळा धंदा झाला, त्याचंही बिल फाडलं जातं.

अजून एक गंमत. त्या युद्धानंतर बुशना गॅलपच्या पाहणीत ८९ टक्के लोकांची पसंती होती, १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये ते निवडणूक हरले, कारण तोवर लोक मंदी-बेकारीवर आले होते. पाठिंबा पहिल्या महिन्यात मिळतो आणि खर्च मागाहून कळतो, आपल्याकडेही मार्च २०२२ मध्ये युक्रेनमुळे कच्चं तेल १३० डॉलरच्या वर जाऊन आलं तेव्हा ट्रॉलरवाले डिझेलच्या परताव्याची वाट बघत बसलेच होते की. तेव्हा ग्रुपवर भांडू नका, फक्त पुढच्या वेळी कुणी हादरवणारा व्हिडिओ टाकला की एवढंच विचारा, हा कुणी काढला आणि आत्ताच का फिरतोय.

प्रश्न : आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला (म्हणजे आजच्या इराकला) गेले होते, घरात त्यांचं मेडल आहे. मुलगी कॉलेजात शिकते, ती म्हणाली ते पोटासाठी गेले, त्यात अभिमान कसला. मला वाईट वाटलं. – एक वाचक, दापोली

उत्तर : मुलीचा मुद्दा चुकीचा नाही पण अपुरा आहे. तुमच्या दापोलीला म्हातारी माणसं अजून "कॅम्प" म्हणतात ना, तो लष्कराचाच कॅम्प, पेन्शनर शिपाई तिथे येऊन राहायचे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर कुटुंब घेऊन काही वर्षं तिथेच होते. कोकणात शेती ती केवढी, वरकस जमीन, खोताचा जाच, त्यामुळे पलटणीतला पगार आणि पेन्शन म्हणजे घर उभं राहायचं साधन. आणि महार समाजासाठी तर त्याहून जास्त. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने त्यांची भरतीच बंद केली, तेव्हा दापोलीचेच माजी सैनिक गोपाळबाबा वलंगकर अर्ज लिहून भांडत होते, कारण बंदूक गेली की शाळा, पगार आणि मान तिन्ही गेलं. पुढे १९१७ मध्ये माणसं कमी पडायला लागली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली! याला मी तरी स्वार्थीपणा म्हणेन, पणजोबांचा नव्हे, ज्यांनी मोडली त्यांचा.

आणि त्या वेळी युद्धाला पाठिंबा देणारे काही फक्त गरीब नव्हते. लोकमान्य, मूळचे आपले रत्नागिरीचेच, त्यांचंही म्हणणं भरती करा असंच होतं, पण स्वराज्य द्या मग. १० जून १९१८ च्या मुंबईतल्या वॉर कॉन्फरन्समध्ये ते हेच बोलायला लागले तर गव्हर्नर विलिंग्डनने मध्येच थांबवलं आणि टिळक उठून निघून गेले. म्हणजे पाठिंबा हवा पण बिनशर्त हवा. हिंदुस्थानच्या तिजोरीतून १९१७ मध्ये ब्रिटनला १० कोटी पौंड "भेट" गेली ती वेगळीच, ती कुणाला विचारून दिली असं काही नाही, आणि सुमारे ७४ हजार हिंदी सैनिक परत आले नाहीत. हे सगळं मुलीला सांगा आणि मेडल नीट जपून ठेवा.

प्रश्न : परळमध्ये वाढलेला चाकरमानी आहे. मुंबईला इतिहासात युद्धांनी काही दिलं का, की नुसतं घेतलंच? – एक वाचक, सध्या मालवण

उत्तर : दिलं की, भरपूर दिलं, आणि दुसऱ्याच्या युद्धाने दिलं. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाचा भाव आकाशाला टेकला. शेअर, बँका, बॅकबेला समुद्र बुजवून केलेली भरणी, सगळं त्याच पैशावर. प्रेमचंद रायचंद हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव, राजाबाई टॉवर त्यांच्या आईच्या नावाचा. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, बातमी इथे पोचली आणि मुंबईत दिवाळखोरीची रांग लागली. शांतता झाली म्हणून रडणारं शहर होतं ते, आणि हे रडणारे लोक काही दुष्ट नव्हते हो, कापूस विकत होते.

अफूचं तर त्याहून अवघड आहे. माळव्याची अफू मुंबईतून चीनला जायची, आणि चीन नको म्हणाला म्हणून इंग्रजांनी जे युद्ध केलं त्याचा नानकिंगचा तह २९ ऑगस्ट १८४२ ला ज्या एचएमएस कॉर्नवॉलिसवर झाला, ती युद्धनौका मुंबईच्या गोदीत सागवानातून वाडियांनी बांधलेली. मुंबईची गोदी कुठे आणि नानकिंग कुठे असं वाटतं, पण जहाज आपल्याच किनाऱ्यावरून गेलं.

प्रश्न : एजंटने डिफेन्स कंपन्यांचा म्युच्युअल फंड सुचवलाय. घेणं पाप आहे का? – एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : पाप-पुण्य माझ्या खात्यात नाही. २०२५-२६ चं संरक्षण बजेट ६.८१ लाख कोटी होतं, पण त्यातले १.६१ लाख कोटी पेन्शनचे होते, ते कंपन्यांकडे जात नाहीत, हे एजंट सांगणार नाही. संरक्षण निर्यात २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटी झाली हे मात्र तो नक्की सांगेल. माझगाव डॉकमध्ये आपल्या कोकणातली माणसं राबतात, देशाला पाणबुड्या लागतात, त्यात मला काही गैर दिसत नाही. एकाच सेक्टरमध्ये सगळे पैसे घालू नका, आणि एक गोष्ट स्वतःशी तपासून बघा, तणाव वाढला की तुम्ही आधी बातमी बघता की एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटचा भाव.

प्रश्न : मिस्टर जहाजावर आहेत. तांबड्या समुद्रात जायला नाही म्हणता येतं का? नोकरी जाईल का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : भीती बरोबर आहे. मार्च २०२४ मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यात ट्रू कॉन्फिडन्स जहाजावरचे तिघे खलाशी गेले, बाकीच्यांना आपल्या आयएनएस कोलकाताने वाचवलं. जहाजं आफ्रिकेला वळसा घालायला लागली, भाडी चढली, आणि त्या वर्षी बऱ्याच मोठ्या कंटेनर कंपन्यांचे नफे वाढले, म्हणजे शस्त्र न विकताही युद्धात कमावता येतं ते असं. जहाज जर आयबीएफच्या (खलाशांच्या युनियन आणि जहाज कंपन्या जिथे मिळून करार ठरवतात ती आंतरराष्ट्रीय संस्था) करारात असेल आणि भाग "वॉरलाइक", म्हणजे युद्धसदृश, जाहीर केलेला असेल तर नकार देता येतो, कंपनीने आपल्या खर्चाने घरी पाठवायचं, आणि गेले तर बेसिक पगाराइतका बोनस, मृत्यू-अपंगत्वाची भरपाई दुप्पट. पण सगळी जहाजं या करारात नसतात, काही एजंट तर करारच नीट दाखवत नाहीत. त्यांना सांगा सही करायच्या आधी करारातलं वॉर झोनचं कलम मोबाईलवर फोटो काढून तुम्हाला पाठवू दे, आणि ते कलमच नसेल तर युनियनला आधीच फोन करा, जहाज सुएझला पोचल्यावर नको.